पाटी, बोरू आणि छापील पुस्तक : एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या शालेय साधनांचा इतिहास (गिरगाव परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा इतिहास बहुधा तीन अंगांनी लिहिला जातो : शासनाची धोरणे, शिक्षणसंस्थांची स्थापना आणि शिक्षणप्रसारकांची चरित्रे. एल्फिन्स्टनचे टिपण, वुडचा खलिता, हंटर आयोग हे टप्पे प्रत्येक अभ्यासक्रमात येतात. जगन्नाथ शंकरशेट, बाळशास्त्री जांभेकर, महात्मा जोतीराव फुले यांच्या कार्याचा यथोचित गौरवही होतो. मात्र त्या काळी शाळेत बसलेल्या मुलाच्या हातात नेमके काय होते, ते मूल कशावर व कशाने लिहीत होते आणि त्याने लिहिलेले किती वेळ टिकत होते, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे.

या दुर्लक्षाला एक कारण आहे. अहवाल आणि छापील पुस्तके दप्तरखान्यांत व ग्रंथालयांत टिकली. धूळपाटीवरील अक्षर मात्र हात फिरवताच नाहीसे झाले. दगडी पाटीवरील हिशेब पुढचा हिशेब मांडण्यासाठी पुसला गेला. त्यामुळे मुलांच्या प्रत्यक्ष अभ्यासाचा फार मोठा भाग इतिहासाच्या साधनांत उतरलाच नाही. जे टिकले तेवढेच शिक्षण होते, असा समज त्यातून रूढ झाला. या समजाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी गिरगाव परिसराची निवड सहेतुक केली आहे. कोटाबाहेर वाढलेल्या या मराठी वस्तीत नाना शंकरशेट यांचा वाडा होता. डॉ. जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनचे आंब्रोली येथील केंद्र येथेच होते. मुलींच्या आरंभीच्या शाळांशी या परिसराचा निकटचा संबंध आला आणि लगतच्या काळबादेवीत निर्णयसागर छापखाना उभा राहिला. गावठी शाळेकडून छापील पुस्तकाच्या शाळेकडे झालेले स्थित्यंतर एवढ्या लहान टापूत इतक्या स्पष्टपणे पाहावयास मिळणे दुर्मीळ आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) पंतोजींच्या शाळेतील लेखनसाधनांचे स्वरूप व त्यांचे शैक्षणिक कार्य स्पष्ट करणे.
२) मुद्रित पुस्तकाच्या आगमनाने लिपी, भाषा व अध्यापनपद्धती यांत घडलेले बदल तपासणे.
३) शालेय साधनांची उपलब्धता आणि सामाजिक विषमता यांतील संबंध शोधणे.

पंतोजींची शाळा आणि पुसली जाणारी साधने

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत व इलाख्यातील गावांत पंतोजींच्या खासगी शाळा चालत. एखाद्याची ओसरी, देवळाचा ओटा किंवा पंतोजींचे राहते घर हीच शाळेची जागा असे. गव्हर्नरच्या कौन्सिलचे सदस्य प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये नोंदविले आहे की, इलाख्यात शाळा नाही असे गाव क्वचितच आढळते आणि शिक्षणाचा मोबदला मूठ-दोन मूठ धान्यापासून फार तर महिना एक रुपयापर्यंत असतो. १८२९ च्या सुमारास झालेल्या गणतीत इलाख्यात १,७०५ शाळा व सुमारे ३५ हजार विद्यार्थी आढळले. त्यांपैकी बहुतेक सर्व शाळा देशी पद्धतीच्या होत्या. रा. वि. परुळेकर यांनी या काळातील पाहणीची कागदपत्रे १९४५ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली, तेव्हा या शाळांच्या विस्ताराची कल्पना अभ्यासकांना प्रथमच पुराव्यानिशी आली.

एवढ्या अल्प खर्चात शाळा चालू शकली, याचे एक कारण तिच्या साधनांत आहे. आरंभीचे साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक माती किंवा विटकरीची भुकटी पसरावी, तीवर बोटाने अथवा काडीने अक्षर काढावे, फळी हलवून ते मोडावे आणि पुन्हा काढावे, असा हा क्रम असे. तिला कागद लागत नाही, शाई लागत नाही आणि चूक करण्याचे भयही राहत नाही. एकच अक्षर शंभर वेळा गिरवले तरी खर्च शून्य. अक्षराचे वळण बोटांत मुरले की मुलाला पाटी व पुढे कागद मिळे.

या शाळेतील दुसरे महत्त्वाचे साधन म्हणजे स्मरणशक्ती. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांचे पाठांतर रोज होई. संध्याकाळी सर्व मुले एका सुरात परवचा म्हणत. अपूर्णांकांच्या या कोष्टकांकडे आज केवळ घोकंपट्टी म्हणून पाहिले जाते. तथापि ज्या व्यवहारात रुपये, आणे, पै आणि मण, शेर, छटाक ही मापे होती, त्यात ही कोष्टके म्हणजे सदैव सोबत असणारी गणकपुस्तिकाच होती. अशा शाळेत पुस्तक नव्हते हे खरे, पण तेथे अभ्याससाहित्यच नव्हते असे म्हणता येत नाही. ते साहित्य धुळीत, बोटांत आणि मुखात होते.

या साधनांचा सर्वांत विश्वसनीय पुरावा मराठी भाषेने जपला आहे. नव्या कार्याचा ‘श्रीगणेशा’ करणे, ‘ओनामा’ होणे, ‘धुळाक्षरे’ गिरवणे, एखाद्याचा ‘कित्ता’ गिरवणे, ‘पाटी कोरी’ असणे, ‘उजळणी’ करणे हे सर्व वाक्प्रचार शाळेतून आले आहेत. ‘ओनामा’ हा ‘ॐ नमः सिद्धम्’ या प्राचीन पाठाचा अवशेष होय. ‘दप्तर’ हा शब्द तर राजदरबारातील कागदपत्रांच्या संग्रहावरून मुलाच्या खांद्यावरील पिशवीपर्यंत पोहोचला. जी साधने वस्तुसंग्रहालयात सापडत नाहीत ती बोलीत सापडतात, हे शिक्षणेतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानी घ्यावयास हवे.

धुळीचा जागतिक प्रवास

धूळपाटी हे मागासलेपणाचे चिन्ह मानण्याची प्रवृत्ती पुढे रूढ झाली. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. मद्रास येथील अनाथाश्रमाचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस देशी शाळेतील मुले वाळूवर लिहिताना पाहिली आणि ती पद्धत आपल्या संस्थेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे, हा देशी शाळांत रूढ असलेला प्रघातही त्यांनी पद्धतशीरपणे राबविला. १७९७ मध्ये त्यांनी आपला वृत्तान्त लंडन येथे प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टर यांनी याच धर्तीची पद्धत लंडनमधील गरीब मुलांच्या शाळेत चालविली आणि १८०६ मध्ये न्यूयॉर्क शहरातील मोफत शाळेने ती स्वीकारली. तेथेही अगदी लहान मुले वाळू पसरलेल्या बाकावर बोटाने अक्षरे काढू लागली.

या काळातील अमेरिकेची परिस्थिती तुलनेसाठी उद्बोधक आहे. तेथील वसाहतकाळात मुलाच्या हाती प्रथम येई ती मूठ असलेली लाकडी फळी. तीवर वर्णमाला व प्रार्थना यांचा कागद डकवून त्यावर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा बसविलेला असे, कारण कागद महाग होता व तो मुलाच्या हातून फाटणे परवडणारे नव्हते. सतराव्या शतकाच्या अखेरीस बोस्टन येथे ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ छापले गेले आणि १७८३ मध्ये नोहा वेबस्टर यांचे शुद्धलेखनाचे पुस्तक निघाले. पुढे याच पुस्तकाने अमेरिकन इंग्रजीला एकसारखे रूप दिले. म्हणजे कागदाची टंचाई, पिसाची लेखणी, घरी कालवलेली शाई आणि पाठांतर या बाबतींत बोस्टनचे मूल व गिरगावचे मूल एकमेकांपासून फार दूर नव्हते. फरक होता तो इतकाच की, तेथे पहिल्या अक्षरासोबतच छापील पान आले आणि येथे ते पुष्कळ नंतर आले.

१८२३ मध्ये मुंबईतील शाळापुस्तक मंडळीने नेमलेल्या समितीने देशी शाळांचे दोष सांगितले, तेव्हा पुस्तकांचा अभाव हा पहिला दोष ठरविला, अध्यापनपद्धतीचा अभाव दुसरा आणि उपाय म्हणून लँकेस्टर पद्धती सुचविली. जी रीत काही अंशी येथूनच गेली होती ती सुधारणा म्हणून परत आली, हा या इतिहासातील लक्षणीय विरोधाभास होय.

बोरू, शाई आणि मोडीचे वळण

धूळपाटीनंतर मुलाच्या हाती बोरू येई. पाणथळ जागी उगवणाऱ्या या पोकळ वनस्पतीची कांडी कापून, चाकूने तिचे टोक तिरपे करून मध्ये बारीक चीर दिली जाई. टोकाची रुंदी व तिरपेपणा यांवर अक्षराचे जाड-बारीकपण अवलंबून असल्याने बोरू तासणे हीदेखील शिकण्याची बाब होती. शाई दिव्याच्या काजळीत डिंक व पाणी घालून, पुष्कळ घोटून घरीच तयार होई. कागद जुन्नर, दौलताबाद अशा ठिकाणचा हातकागद असे आणि तो महाग असल्यामुळे मुलाला जपून दिला जाई. पंतोजी वरची ओळ घालून देत, तो कित्ता. मुलाने त्याखाली तशाच ओळी उतरवायच्या.

हा कित्ता प्रामुख्याने मोडीचा असे. मोडी ही हात न उचलता वेगाने लिहिण्याची लिपी. वतनाचे कागद, सावकारी खाती, सरकारी पत्रव्यवहार हे सर्व तिच्यात चाले. पोथ्यांची लिपी ती बालबोध. पंतोजींच्या शाळेतून निघालेल्या मुलाला कारकुनी किंवा दुकानातील नोंदी करता येणे अपेक्षित असल्याने त्याच्या शिक्षणाचे साधन, लिपी व उपजीविका यांत सरळ नाते होते.

छापील पुस्तकाचे आगमन

मुंबईत मराठी मुद्रणाचा पाया घालण्यात अमेरिकन मराठी मिशनचा वाटा मोठा आहे. बोस्टनहून निघालेल्या संस्थेचे हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि त्यानंतर काही वर्षांतच त्यांचा छापखाना मराठी पुस्तके काढू लागला. याच छापखान्यात पुढे टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी टाइप अधिक सुबक केले. येथील कामापासून प्रेरणा घेऊन गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना उभारला व १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग काढले. जावजी दादाजी यांनीही आरंभी मिशनच्या छापखान्यात काम केले. १८६४ मध्ये त्यांनी टाइपांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला.

शालेय पुस्तकांची पद्धतशीर निर्मिती मात्र १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने केली. १८२७ पासून ही संस्था बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची पुस्तके झाली, शास्त्रीमंडळीने १८२९ मध्ये मराठी कोश सिद्ध केला आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ मध्ये निघाली. ‘बाळमित्र’ हे मूळ फ्रेंच पुस्तकाचे इंग्रजीवरून केलेले भाषांतर होते. १८२६ मध्ये मंडळीने २४ शिक्षक तयार करून जिल्ह्यांत पाठविले. त्यांपैकी १४ मराठीचे होते. नव्या शाळेचे अभ्यासाचे साहित्य आता मंडळीच्या पुस्तकांतून येऊ लागले. १८३६ मध्ये जांभेकरांचे ‘बालव्याकरण’ व दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि मातृभाषा हा नियमांनी शिकण्याचा विषय बनला.

छापील पुस्तकाने तीन दूरगामी बदल घडविले. पहिला बदल लिपीचा. शिळाछापावर हाताचे वळण जसेच्या तसे उतरत असल्याने मोडी छापणे तुलनेने सोपे होते. खिळ्यांच्या छपाईत मात्र एकमेकांत गुंतलेली मोडी अक्षरे सुटी पाडणे अवघड होते. सुटे अक्षर ही बालबोध लिपीची प्रकृती असल्याने छापखाना बालबोधकडे झुकला आणि छापखान्यामागून शाळाही झुकली. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांत तग धरून राहिली, पण तिचे स्थान दुय्यम झाले. आज पुराभिलेखागारांत मोडीचे असंख्य कागद असून ते वाचणारे मोजके आहेत. या अडचणीचे एक मूळ शाळेच्या साधनांतील या बदलात आहे.

दुसरा बदल भाषेच्या मांडणीचा. मेजर टॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांविषयी पुस्तिका लिहिली आणि पुढे शासकीय क्रमिक पुस्तकांचे संस्करण केले. स्वल्पविराम, पूर्णविराम व परिच्छेद यांची सवय मराठी मुलाच्या डोळ्यांना या पुस्तकांमुळे लागली. तिसरा बदल शिक्षकाच्या स्थानाचा. पूर्वी पाठ पंतोजींच्या मुखातून येई आणि गावागणिक बदले. आता रत्नागिरीत, पुण्यात व गिरगावात एकच धडा एकाच शब्दांत वाचला जाऊ लागला. १८५५ मध्ये शिक्षण खाते स्थापन झाल्यावर ही एकरूपता अधिक दृढ झाली. प्रमाण मराठीची घडण समजून घेताना या पुस्तकांचा विचार अपरिहार्य ठरतो.

तरीही पाटी गेली नाही. धूळपाटीची जागा लाकडी चौकटीतील दगडी पाटीने घेतली आणि पुस्तक वाचावयाचे, पण लिहावयाचे पाटीवर, अशी विभागणी झाली. दसऱ्याला पाटीवर एकाच्या अंकांतून सरस्वती काढून तिची पूजा करण्याची प्रथा मराठी घरांत दृढ झाली, ती पाटीच्या या दीर्घ सोबतीमुळेच.

साधने कोणाच्या हाती?

शालेय साधनांचा विचार केवळ तांत्रिक नाही. हे साधन कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले, हा प्रश्न त्यात अनुस्यूत आहे. मुंबईत मुलींची पहिली शाळा अमेरिकन मिशनने १८२४ मध्ये काढली. तीत पुढे सिंथिया फरार यांनी काम केले. मिशनच्या मुलींच्या शाळांत पाटी-पुस्तकाबरोबर सुई-दोराही आला. शिवणकाम शिकविल्यास पालक मुलीला पाठवतील, हा हिशेब त्यामागे होता. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. नाना शंकरशेट यांनी गिरगावातील आपली जागा शाळेसाठी दिली. तरुण शिक्षक आपला अभ्यास सांभाळून तेथे विनावेतन शिकवीत. ज्या घरांत मुलीच्या हाती पुस्तक दिसणे अशुभ मानले जाई, तेथे पाटी घेऊन वाडीतून शाळेपर्यंत चालत जाणे हीच तिची पहिली परीक्षा होती.

जातीची भिंत याहून कठीण होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसण्यासाठी गोणपाटाचा वेगळा तुकडा रोज घरून न्यावा लागे व परत आणावा लागे. हा तुकडाही शालेय साहित्यच होता. फरक इतकाच की तो शिकण्यासाठी नव्हता, दूर ठेवण्यासाठी होता. एखाद्या वर्गाच्या साहित्याची यादी करताना पाटी, पेन्सिल व पुस्तक यांच्यासोबत हा गोणपाटही लिहिला नाही, तर ती यादी अपुरी राहते.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी व बालबोध या दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांसह शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे नियम असावेत, अशी त्यांची मागणी होती. ज्या शेतकऱ्याला सावकाराचा कागद मोडीत मिळतो त्याला केवळ बालबोध शिकविणे म्हणजे त्याच्याशी निगडित असलेला नेमका कागद त्याला न वाचता येण्याची सोय करणे होय, असा या मागणीचा अर्थ लावता येतो.

आजच्या संदर्भात

टाक आणि दौत, नंतर झरणी व वही असा साधनांचा प्रवास पुढे चालू राहिला. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईच्या पुडी व वड्यांचा उद्योग सुरू केला आणि घरी घोटल्या जाणाऱ्या शाईची जागा बाजारातील शाईने घेतली. याच उद्योगातून पुढे कॅम्लिन हे नाव घरोघरी पोहोचले. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली व पाठ्यपुस्तकांची एकरूपता राज्यव्यापी झाली. स्वस्त वहीमुळे पुसणे कमी झाले आणि साठवणे वाढले. त्याचे ओझे खांद्यावर आले. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे सुचविले. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच लिहिण्यासाठी कोरी पाने जोडण्याचा प्रयोग झाला आणि २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. वाचण्याचे पान व लिहिण्याचे पान वेगळे असावे की एकत्र, हा पंतोजींच्या काळापासूनचा प्रश्न अजून सुटलेला नाही, असेच यावरून दिसते.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा भ्रमणध्वनी हेच पाटी-पुस्तक झाले. एका घरात एकच संच आणि शिकणारी भावंडे तीन, अशा स्थितीत वर्गात कोण उपस्थित राहील हे साधनानेच ठरविले. हे साधन धूळपाटीप्रमाणे पुसता येते, पण धूळपाटीप्रमाणे फुकट नाही.

निष्कर्ष

१) देशी शाळांत पुस्तक नव्हते, परंतु धूळपाटी, कित्ता व तोंडी कोष्टके यांची सुसंगत साधनव्यवस्था होती. पुस्तकाच्या मापाने त्या शाळा मोजल्याने ही व्यवस्था दृष्टीआड झाली.
२) मोडीची पीछेहाट ही केवळ धोरणाची परिणती नसून खिळ्यांच्या छपाईच्या स्वरूपाशीही निगडित होती.
३) क्रमिक पुस्तकांनी मराठीला एकरूपता दिली. त्याच वेळी स्थानिक व्यवहाराशी असलेले शाळेचे नाते सैल झाले.
४) साधनांची उपलब्धता प्रत्येक काळी सामाजिक स्थानावर अवलंबून राहिली आहे.

समारोप

महाविद्यालयीन अध्यापकांना या विषयात करण्याजोगे पुष्कळ आहे. परिसरातील जुन्या शाळांतील हजेरीपत्रके व साहित्याच्या नोंदी, घरोघरी राहिलेल्या अंकलिप्या, मोडीचे कित्ते, पाट्या आणि दौती, तसेच वयोवृद्धांच्या तोंडी असलेली औटकी-अडीचकी हे सर्व विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून संकलित होऊ शकते. गिरगावातील जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि माळ्यावरची ट्रंक रिकामी करताना पाटी सर्वांत आधी टाकली जाते. तीवर लिहिलेले तर केव्हाच पुसले गेले आहे. निदान ती पाटी व ती वापरणाऱ्यांची आठवण नोंदविली जावी, एवढे आजही शक्य आहे.